कपडा जरा ओला असतानाच बाहेर काढ

परळ, मुंबई

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

ड्रायर घेतल्यापासून बाळाची झबली आखूड होत चालली आहेत, अमेयच्या टी-शर्टांची लांबी गेली आणि टॉवेल हाताला खरखरीत लागतात, असं तू काल सांगितलंस. फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही, मधेच बाळ उठतं, म्हणून लिहून पाठवतो आहे. सवडीने वाच आणि अमेयलाही वाचायला दे, कारण रात्री मशीन तोच लावतो.

ड्रायर परत करायचा विचार आधी डोक्यातून काढ. तुमच्या सोसायटीत गॅलरीत दोरी बांधायला मनाई, घरात तान्हं मूल, आणि मुंबईत चार महिन्यांत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस. दोन-दोन दिवस पंख्याखाली ओली राहिलेली दुपटी कुबट वास मारतात, कारण तेवढ्या वेळात ओल्या कापडात जंतू वाढतात. बाळाच्या अंगाला तसलं कापड लागण्यापेक्षा मशीन केव्हाही बरं. फक्त आत कापडाचं काय होतं ते समजून घे, म्हणजे कुठलं बटण कधी दाबायचं ते तुझं तुलाच कळेल.

माझी नोकरी गिरणीच्या फिनिशिंग खात्यात, स्टेंटर नावाच्या कापड वाळवायच्या मशीनवर गेली हे तुला ठाऊक आहे. पण तिथे नेमकं काय चालायचं ते मी तुला कधी सविस्तर सांगितलं नसेल. रंगखात्यातून आमच्याकडे कापड ओलं यायचं. स्टेंटरच्या दोन्ही बाजूंना क्लिपांच्या साखळ्या असतात. त्या कापडाचे दोन्ही काठ धरतात, ठरलेल्या पन्ह्यापर्यंत ते ताणतात आणि तसंच ताणलेलं ठेवून गरम हवेच्या चेंबरांतून पुढे नेतात. वाळलं की कापड त्या मापात बसतं. पण धाग्यातला ताण आतच राहिलेला असतो. पुढे घरी त्याच कापडाला पाणी, ऊब आणि मोकळी हालचाल मिळाली की तो ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळच्या लांबीकडे जातो. कपडा आटतो म्हणतात तो असा. ड्रायरमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात.

चांगल्या सुती शर्टिंगला म्हणूनच सॅनफोराइझ करतात. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने 1930 च्या आसपास ही पद्धत काढली. जाड रबरी पट्ट्यावर ओलसर कापड दाबून ते गिरणीतच आखडून घ्यायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी आटायला फारसं काही उरत नाही. अमेयचे ऑफिसचे शर्ट टिकले आणि टी-शर्ट आटले, ते यामुळे. टी-शर्ट, बनियन, झबली ही सगळी होजिअरी. तिच्यात उभा-आडवा धागा नसतो, धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. शिवताना, घालताना, दोरीवर टांगताना हे फासे लांब खेचले जातात. ड्रममध्ये कपडा वर जातो, खाली पडतो, पुन्हा वर जातो, आणि फासे सैल होऊन आखूड नि रुंद होतात. अमेयचा टी-शर्ट लांबीला आखडला आणि पोटाला सैल झाला असेल, बघ. यापुढे बाळाची झबली एक माप मोठीच घे.

आता मुख्य गोष्ट. हाताला कोरडा लागणारा सुती कपडासुद्धा पूर्ण कोरडा नसतो. त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धाग्यातच असतं. रेशमात आणि लोकरीत त्याहून जास्त, पॉलिस्टरमध्ये एक टक्कासुद्धा नाही. सुताचा मऊपणा, लवचीकपणा या पाण्यावर असतो. स्टेंटरचा वेग कमी पडला आणि कापड जास्त वाळलं की त्याचा हात, म्हणजे स्पर्श, बिघडायचा, ते करकरीत व्हायचं. आमचे मुकादम बाहेर येणाऱ्या कापडावर तळहाताची मागची बाजू टेकवून सांगायचे, ‘जास्त भाजलंय, वेग वाढव.’ पुढे ओलावा मोजायचे मीटर आले, पण मी शेवटपर्यंत आधी हात लावायचो.

तुझ्या मशीनमध्येही तेच घडतं. कपड्यात भरपूर पाणी असतं तोवर सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, कापड स्वतः फारसं तापत नाही. पाणी संपत आलं की तीच उष्णता थेट धाग्यात शिरते. म्हणून पहिला तासभर जे नुकसान होत नाही ते शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत होतं. धागा ठिसूळ होतो, आटणं वाढतं, पॉलिस्टरचे कपडे अंगाला चिकटायला लागतात, इलॅस्टिक मरतं. एक्स्ट्रा ड्राय हे बटण तुझ्या घरात कुणी वापरूच नये असं मला वाटतं. रोजच्या कपड्यांना आयर्न ड्राय, म्हणजे इस्त्रीपुरती ओल ठेवणारा प्रोग्राम लाव. कमरपट्टी, कॉलर, शिवणी हाताला किंचित ओल्या लागल्या पाहिजेत. मग तासभर पंख्याखाली स्टँडवर टाक. एवढीशी ओल पावसाळ्यातही जाते. इस्त्रीलाही असाच ओलसर कपडा चांगला, चुण्या पटकन निघतात.

स्टँडवर टाकताना होजिअरी खांद्याला चिमटे लावून टांगू नकोस, दांडीवर मधोमध दुमडून टाक. ओलं असताना हाताने लांबीला हलकेच ओढून सरळ केलंस तर गेलेली लांबी थोडीफार परतही येते. बाळाच्या कपड्यांना चिमट्यांचे वळ नको असतील तर धोबीघाटाची रीत घे. महालक्ष्मीला पुलावरून बघितलंस तर दिसेल, ते दोन दोऱ्यांना पीळ देऊन बांधतात आणि त्या पिळात कपड्याचं टोक खोचतात. चिमटा लागतच नाही आणि कपडा उडतही नाही.

वेळ लावून चालवायचा प्रोग्राम शक्यतो टाळ. सेन्सरचा लाव. दार उघडल्यावर ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या दिसतील. ओला कपडा त्यांना लागला की त्यांच्यातून बारीकशी वीज जाते, वाळला की जात नाही, त्यावरून मशीनला ओल कळते. सॉफ्टनर जास्त वापरलंस तर पट्ट्यांवर त्याचा मेणचट थर बसतो आणि सेन्सर चुकायला लागतो. महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घे. टॉवेलांना तर सॉफ्टनर घालूच नकोस. तोच थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. तुझे टॉवेल खरखरीत होतात ते जास्त वाळल्याने. त्याला उपाय सॉफ्टनर नव्हे, लवकर काढणं.

दर खेपेला फिल्टर साफ कर. दर खेपेला म्हणजे दर खेपेला, रात्री कितीही कंटाळा आलेला असो. त्यात साचणारी तूस म्हणजे तुमच्याच कपड्यांचा झिजलेला धागा. गिरणीत मी ती आयुष्यभर पाहिली. ती हवा अडवते, मग कपडे वाळायला वेळ लागतो, तेवढा वेळ ते ड्रममध्ये घासत राहतात आणि आणखी तूस निघते. शिवाय कापसाची तूस झटकन पेटते. एका खेपेला फिल्टरवर नेहमीपेक्षा जास्त तूस दिसली तर ते कपडे जास्त वाळताहेत किंवा विरायला लागलेत असं समज. तुझं मशीन कंडेन्सरचं आहे, ते कपड्यांतल्या वाफेचं पुन्हा पाणी करून टाकीत साठवतं, म्हणजे ती पाण्याची टाकीही दर वेळी रिकामी करायची आणि कंडेन्सर पुस्तिकेत सांगितलंय तसा धुवायचा. ड्राय बाल्कनीची खिडकी मशीन चालू असताना उघडी ठेव, कोंडलेल्या गरम हवेत ते नीट काम करत नाही.

कपड्याच्या आतल्या पट्टीवरची चिन्हं वाचायची सवय कर. चौकोन आणि त्यात गोल, हे ड्रायरचं चिन्ह. गोलात एक ठिपका असेल तर कमी उष्णता, म्हणजे बाहेर पडणारी हवा 60 अंशांपर्यंत. दोन ठिपके असतील तर 80 पर्यंत. खाली एक आडवी रेघ असेल तर नाजूक प्रोग्राम. फुली असेल तर तो कपडा आत जाणार नाही, विषय संपला. शंका आली तर एक ठिपका समजून चाल. लेगिंग्ज, स्ट्रेच जीन्स, तुझे ब्लाउज, अंतर्वस्त्रं यांतली लायक्रा उष्णतेने सैल पडते आणि एकदा गेली की परत येत नाही. असे कपडे मी तर स्टँडवरच वाळवीन.

आत टाकण्याआधी वॉशिंग मशीनमध्ये मिनिटाला 1000 किंवा 1200 फेऱ्यांचा स्पिन दे. फिरवून पाणी काढायला जेवढी वीज लागते, त्याच्या कितीतरी पट तेच पाणी तापवून उडवायला लागते. (साध्या कंडेन्सर मशीनला पूर्ण भरलेल्या ड्रमला चार-पाच युनिटं जातात, तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या हीट पंपवाल्याला साधारण निम्मी. हीट पंपवालं वाळवतंही कमी उष्णतेत. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा तेच घ्या, महाग असलं तरी.) ड्रम अर्धा, फार तर दोन-तृतीयांश भर. कपड्यांना वरून खाली पडायला जागा लागते, ठासून भरले तर बाहेरचे भाजतात आणि आतले ओलेच राहतात. टॉवेल, चादरी, जीन्स एका खेपेला, पातळ कपडे वेगळ्या. झबल्यांबरोबर जाड टॉवेल टाकलास तर टॉवेल वाळेपर्यंत झबली पार सुकून जातात. तुझ्या घरात बहुतेक हेच होत असणार. प्रत्येक कपडा झटकून टाक, चेन लाव, हूक अडकव, नाड्या बांध, छापाचे टी-शर्ट उलटे कर. अमेयच्या खिशातलं पेन तेवढं आठवणीने काढ, गरम ड्रममध्ये शाई फुटली तर सगळी खेप जाते.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुला बजावून सांगतो. बाळाला तेल लावताना खाली अंथरतेस ती दुपटी, तेलकट अभ्रे, स्वयंपाकघरातली तेल पुसलेली फडकी ड्रायरमध्ये कधीही टाकायची नाहीत. धुतली तरी तेल पूर्ण जात नाही. गरम झालेल्या कापडात ते तेल हवेशी संयोग पावून स्वतःच तापत जातं, आणि घडी करून ठेवलेल्या गठ्ठ्यात ती उष्णता कोंडून राहिली तर काही तासांनीही आग लागू शकते. तिळाच्या तेलासारख्या तेलांना हा धोका खोबरेलापेक्षा जास्त, पण तू फरक करत बसू नकोस. ही दुपटी गरम पाण्यात वेगळी धू आणि स्टँडवरच वाळव. मशीन मधेच बंद करून गरम कपडे आत तसेच ठेवायचे नाहीत. शेवटी थंड हवेची काही मिनिटं असतात ती पूर्ण होऊ दे. बंद करावंच लागलं तर कपडे लगेच काढून पसर. आणि अमेय रात्री मशीन लावून झोपतो ते बंद करा. संध्याकाळी लावा, कुणीतरी जागं असताना. संपल्या संपल्या काढलं तर चुण्याही पडत नाहीत.

पैठणी, जरीचं काहीही, खणाचे ब्लाउज, इरकल, आईने विणलेला बाळाचा लोकरी स्वेटर, यांतलं काही चुकूनसुद्धा आत जाऊ देऊ नकोस. लोकरीच्या धाग्यावर खवले असतात, ओल आणि ऊब मिळाली की ते घासून एकमेकांत अडकतात आणि कपड्याचा नमदा होतो, मग कुणालाही तो सोडवता येत नाही. रबर लावलेली पायपुसणी, फोमचे कपडेही नकोत. आजीची गोधडीही नको. आतल्या जुन्या लुगड्यांचे थर बाहेरून वाळले तरी मधे ओले राहतात, आणि टाके तुटतात ते वेगळंच.

गोधडी आणि स्वेटर वेगळ्या पिशवीत भरून ठेव. रविवारी मी येणारच आहे, येताना घेऊन जाईन. आमच्या चाळीत वरच्या दांडीवर काठीने टाकून दोन दिवस राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. आल्यावर मशीनची पुस्तिकाही काढून ठेव, तुझ्या मशीनमध्ये आयर्न ड्रायला काय नाव दिलंय ते आपण दोघं मिळून बघू. आणि झबल्यांची एक खेप माझ्यासमोर लाव, हात लावून कुठे थांबायचं ते मी तुला दाखवतो.

बाळाला आशीर्वाद, अमेयला नमस्कार. आईने मेथीचे लाडू करायला घेतले आहेत, तेही आणतो.

तुझे
बाबा