सीसीआयवर शेजारी बसलेल्या काकांना, मनापासून थँक्यू

नमस्कार काका,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. शुक्रवारी मुंबई ओपन टेनिसच्या क्वार्टर फायनलला सीसीआयवर, म्हणजे चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर, तुमच्या बाजूला जी बारकी पोरगी बसली होती, दोन वेण्या, मांडीवर रॅकेटची बॅग, ती माझी लेक. तुम्ही पांढरी कॅप घातली होती, हातात स्टीलची पाण्याची बाटली होती आणि पायात घासून घासून पुढून फाटलेले टेनिसचे शूज. यावरून कुणी ओळखत असेल तर प्लीज हे त्यांना वाचून दाखवा. मॅच संपली, सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि त्या गर्दीत आम्ही वळून बघेपर्यंत तुम्ही निघून गेलेलात.

काका, आम्ही तिथे मजेत मॅच बघायला आलो नव्हतो. आम्ही पोरीचं सामान परत न्यायला सांगलीहून आलो होतो. एका मोठ्या अकॅडमीत ठेवलं होतं तिला, नाव लिहीत नाही, लिहायची इच्छाही नाही. तिथला हॉस्टेलचा ट्रंक, गादी, वह्या सगळं बांधून झालेलं, रात्रीची महालक्ष्मी होती, मधले तास कुठे काढायचे तर हिचे बाबा म्हणाले चर्चगेटला जाऊ, कोइम्बतूरची माया नावाची एक १५ वर्षांची मुलगी खेळतेय, पेपरात आलंय. लेक म्हणाली मला नाही बघायचं टेनिस. नाइलाजाने आली. बॅग पण तिने टॅक्सीत ठेवू दिली नाही आणि उघडली पण नाही, नुसती घट्ट धरून बसली होती, ते तुम्ही पाहिलंच असेल.

तिथे काय झालं होतं ते थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही. शेवटच्या कोर्टवर टाकलं होतं तिला, जिथे जाळी फाटकी आणि बॉल टक्कल पडलेले. फी मात्र पहिल्या कोर्टवाल्यांइतकीच. ठीक आहे, तेही चाललं असतं. पण ज्या दिवशी आम्ही विचारायला गेलो की पोरगी एवढी गप्प का झालीये, तेव्हा तिथले सर मोबाईलवर काहीतरी टाइप करत, मान वर न करता आम्हाला म्हणाले, "हिची हाइट नाही होणार हो, वेपन (हुकमी फटका) पण नाही काही, अभ्यासाकडे लक्ष द्या." पोरगी तिथेच उभी होती. माझ्या आणि सरांच्या मधे. तिच्या डोक्यावरून बोलले ते, अक्षरशः डोक्यावरून. १२ वर्षांच्या मुलीला कळतं हो सगळं. त्यानंतर तिने रॅकेटला हात लावला नाही, तार तुटलेली होती ती गटिंगला, म्हणजे नवी तार लावायला, द्यायची पण म्हणाली नाही. घरी फोनवर बोलायची तर हो, नाही, बरी आहे, एवढंच.

तर अशी ती तुमच्या शेजारी येऊन बसली.

मायाबद्दल मी काय सांगणार, तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत आहे, तरी ज्यांनी ती मॅच पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. माया राजेश्वरन रेवती. तेव्हा वय १५. मेन ड्रॉत, म्हणजे मुख्य स्पर्धेत, थेट जागा नव्हती, आधीची क्वालिफायिंग खेळून आत आली, आणि पहिल्याच राउंडला बेलारूसच्या इरिना शिमानोविचला ६-४, ६-१ असं घरी पाठवलं. मुंबई ओपन ही डब्ल्यूटीए १२५, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टूरवरची स्पर्धा, काही शाळेची स्पर्धा नाही, समोर बायका असतात, वर्षानुवर्षं टूरवर फिरणाऱ्या, आणि ही अजून दहावीच्या वयाची. शुक्रवारी समोर जपानची मेई यामागुची होती. पहिला सेट मायाने ६-४ घेतला तेव्हा आजूबाजूचे लोक एकदम सैल झाले, जमलं म्हणाले. मग दुसरा गेला ३-६. तेव्हा जी शांतता पसरली ना, ती मला ओळखीची होती, आमच्या घरात तीच शांतता होती गेले काही महिने. मागून कुणीतरी म्हणालं, "संपलं, दमली आता पोरगी."

आणि तेव्हा तुम्ही माझ्या लेकीकडे वळून विचारलंत, "काय गं, तू आत असतीस तर आता काय केलं असतंस?"

ती काही बोलली नाही. तुम्ही बघत राहिलात. हसून सोडून दिलं नाहीत, स्वतःच उत्तर दिलं नाहीत, आमच्याकडे पण पाहिलं नाहीत. बराच वेळ गेला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी पहिल्या गेमला विनर मारायला गेले नसते." विनर म्हणजे एका फटक्यात पॉइंट संपवणं. एवढं म्हणाली आणि तुमचा फोन वाजला. मला वाटलं झालं, आता हे फोन घेणार आणि ही परत शिंपल्यात जाणार. तुम्ही खिशातून फोन काढलात, कुणाचा आहे ते सुद्धा न बघता कट केलात, उलटा करून परत खिशात टाकलात आणि म्हणालात, "हं, विनर मारायला गेली नसतीस, मग?"

काका, बस एवढंच. यासाठीच हे सगळं लिहितेय. तुम्हाला कदाचित आठवणार पण नाही, तुम्ही रोज असेच वागत असाल कुणाशीही. पण एक माणूस मोबाईलमधून मान वर न काढता तिचं टेनिस संपवून मोकळा झाला होता आणि दुसऱ्या माणसाने तिचं अर्धं वाक्य ऐकायला फोन कट केला. मी हिच्या बाबांकडे पाहिलं तर ते कोर्टाकडे बघत होते पण डोळे भरले होते त्यांचे.

मग ती बोलायला लागली ती थांबेना. बॉल खोल ठेवला असता, समोरचीला पळवलं असतं, कारण सेट जिंकल्यावर लोक घाई करतात असं काय काय. तुम्ही "शाब्बास" म्हणाला नाहीत, ते फार आवडलं मला, लहान मुलांना शाब्बास म्हणून गप्प करणारे खूप असतात. तुम्ही विचारलंत, "आणि तिने घाई केलीच नाही तर?" पोरगी कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागली, आणि म्हणाली, "मग एखादा मूनबॉल टाकायचा, उंच हळू बॉल, रिदम तोडायला." तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, चल बघू मग. आणि तिसरा सेट तुम्ही दोघांनी मिळून बघितलात, मी आणि हिचे बाबा तिथे असून नसल्यासारखे.

६-२. तिसरा सेट मायाने ६-२ घेतला. १५ वर्षांची मुलगी, दुसरा सेट गमावल्यावर, घरच्या प्रेक्षकांचं सगळं ओझं डोक्यावर, आणि ६-२. ज्या कुणी मागून संपलं म्हणून सांगितलं होतं तो पण उभा राहून ओरडत होता. माझी लेक खुर्चीवर चढली होती, बॅग खाली पडली होती आणि तिला पत्ता नव्हता.

मधल्या मधल्या वेळात तुम्ही तिला जे सांगितलंत ते तिने घरी आल्यावर वहीत लिहून काढलंय. की निरुपमा वैद्यनाथन पण कोइम्बतूरचीच, आणि १९९८ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मेन ड्रॉत सिंगल्सची मॅच जिंकली तेव्हा ओपन एरात, म्हणजे १९६८ नंतरच्या काळात, ग्रँड स्लॅमला असं करणारी ती पहिली भारतीय मुलगी होती. की याच मुंबई ओपनला, २०१७ साली, बेलारूसची १९ वर्षांची सबालेंका ट्रॉफी घेऊन गेली होती. लेक म्हणाली मला प्रेशरमध्ये डबल फॉल्ट होतात, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जातो, तर तुम्ही सांगितलंत की २०२२ मध्ये त्याच सबालेंकाची सर्व्हिस पार कोलमडली होती, डबल फॉल्टवर डबल फॉल्ट, आणि पुढच्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. आणि हाइटचं. हाइटचं तर तिने स्वतःहून तुम्हाला सांगितलं, जे तिने आम्हाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, इटलीची जास्मिन पाओलिनी १६३ सेंटिमीटर आहे, २०२४ ला फ्रेंच आणि विम्बल्डन दोन्हीची फायनल खेळली. एवढंच म्हणालात आणि परत मॅच बघायला लागलात. आम्ही तिला दूध घे, लटकून व्यायाम कर, उंच होशील बघ असली आश्वासनं देत बसलो असतो. तुम्ही एक नाव दिलंत आणि एक आकडा, आणि तिचं ती समजली.

मला राग आहे काका, लपवत नाही. आपल्याकडे माया जिंकली की दुसऱ्या दिवशी सगळे तिच्यासोबत फोटो टाकतात, ऋतुजा भोसलेने हांगचौला बोपण्णासोबत एशियन गेम्सचं गोल्ड आणलं की पुण्यात सगळेच तिचे कोच होते असं वाटायला लागतं. पण शेवटच्या कोर्टवरच्या पोरांचं काय. त्यांच्यातली कोण जिंकेल आणि कोण नाही हे तिथल्या सरांना खरंच माहीत असतं का? मायाला दोन वर्षांपूर्वी कुणी पाहिलं असतं तर तिच्याबद्दल काय बोललं असतं कुणी सांगावं. आणि समजा एखादं पोर नाहीच जिंकणार कधी, तरी त्याच्याशी त्याच्याकडे बघून बोलावं ना. एवढी फी घेता, पालक कर्ज काढून, गावाकडचं काही विकून पोरांना तिथे ठेवतात, बॉलचे डबे, गटिंग, शूज, स्पर्धांना जायचं भाडं, हिशोब करायला बसलं की झोप उडते. ते सगळं चालेल. फक्त पोराकडे बघा बोलताना.

आणि तुमच्यासारखी माणसं असतात अजून, याचा मला फार आधार वाटला त्या दिवशी. कुणाचे कोण तुम्ही. तुम्हाला आमच्याकडून काही मिळणार नव्हतं. शेंगदाण्याची पुडी पुढे केली तर दोन दाणे घेऊन तिलाच परत दिलीत. मुंबईत सगळे घाईत असतात असं आम्ही सांगलीत म्हणतो, परत नाही म्हणणार. माझे वडील शाळेत शिपाई होते, ते पण असेच होते, हेडमास्तरांशी आणि पहिलीतल्या पोराशी एकाच आवाजात बोलायचे. शुक्रवारी मला त्यांची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीत पोचलो होतो आणि सेमीफायनलचा स्कोअर मोबाईलवर बघत होतो. स्वित्झर्लंडच्या जिल टाइशमानने मायाला ६-३, ६-१ असं हरवलं. टाइशमान कधीकाळी जगात २१ नंबरला होती, आणि रविवारी टायटल पण तिनेच नेलं, त्यामुळे त्यात काही कमीपणा नाही. मला भीती होती की लेक परत गप्प होईल. ती म्हणाली, "आई, लेफ्टीची सर्व्हिस आहे ना, तिला अजून सवय नसेल, नदालच्या अकॅडमीत चाललीये ना ती, तिथे होईल." जसं काही तिची मैत्रीणच. मग कपाटातून रॅकेट काढली आणि बाबांच्या पुढे धरली, गटिंगला टाका म्हणून. दुकानदाराने हिच्या बाबांना विचारलं तार किती पौंडावर ताणायची, तर बाबा म्हणाले तिला विचारा. तुमच्याकडून शिकले ते. ती म्हणाली ५०, आणि दुकानदाराने ५० लिहिलं.

आता ती आमच्या गावच्याच कोर्टवर जातेय, दोनच कोर्ट आहेत, सर पण साधे आहेत, स्वतः कॉलेजच्या टीमकडून खेळलेले, पण हाक मारताना नावाने मारतात. पुढे काय होईल मला माहीत नाही. ती माया होईल असं मी म्हणत नाहीये, तो विचारच डोक्यात नाहीये आत्ता. सकाळी साडेपाचला स्वतः उठून शूज घालतेय, इतकं मिळालंय मला.

तुमचं कुठे घर आहे, तुम्ही स्वतः खेळायचात का, कुणाला शिकवायचात का, काहीच आम्ही विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. पण कधी सांगली मिरजेकडे आलात तर आमच्याकडे जेवायला यायचंच, कोर्टवर कुणालाही विचारा, दोन वेण्यांवाली कुठे राहते ते सांगतील.

एक निरोप आहे तिचा. मॅच संपता संपता तुम्ही तिला विचारलं होतंत ना, की सेमीला टाइशमान समोर आली आणि तिने अॅड कोर्टवर, म्हणजे आपल्या डाव्या बाजूच्या अर्ध्या कोर्टवर, बाहेर वळणारी सर्व्हिस टाकली तर काय करशील. तेव्हा टाळ्यांच्या आवाजात तिला सांगता आलं नव्हतं. ती म्हणतेय, एक पाऊल डावीकडे उभी राहीन, पण मागे जाणार नाही, पुढे येऊन वळायच्या आत बॅकहँडने घेईन आणि सरळ लाइनवर टाकीन. सरांच्या ओळखीचा एक लेफ्टी मुलगा आहे, त्याच्याकडून रोज वीस सर्व्हिस मारून घेतेय. अजून अर्ध्या नेटमध्ये जातात म्हणाली, काकांना तेही सांग.

तुमची,
सांगलीची एक आई