जुनी गिनी घेताय? आधी कडा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आलाय आणि सोन्याचा भाव असा झालाय की बरेच जण आता दागिना न करता जुनी गिनी, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं सोन्याचं नाणं, घेऊन ठेवतात, मजुरी जात नाही असा हिशोब असतो. मीपण दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी एक घेतली, पंचम जॉर्जची, १९१८ सालची. मागच्या बाजूच्या घोड्याखाली सालाच्या वर बारीक आय अक्षर, म्हणजे मुंबईत पाडलेली, आणि मुंबईत या गिन्या त्या एकाच वर्षी पाडल्या म्हणून दुकानदारानं सोन्याच्या भावाच्या वर चांगले पैसे घेतले. नाणं लखलखत होतं, मी खूश.

नंतर गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, एका ओळखीच्या कारागिरांना सहज दाखवली. त्यांनी दुकानातले बाकीचे दिवे बंद केले, एकच बल्ब ठेवला आणि भिंग डोळ्याला लावून गिनी हळूहळू कलती केली. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर कडेचे चार-पाच दातेच नव्हते, तिथं कडा गुळगुळीत आणि रंग बाजूपेक्षा जरा फिकट. म्हणजे कधीतरी कडी झाळलेली होती, ती काढून कानस मारली आणि ते दिसू नये म्हणून सगळ्या नाण्याला बफ मारला, म्हणजे घासून पॉलिश केलं. काट्यावर ठेवली तर ७.९१ ग्रॅम. नवी गिनी ७.९८ ची असते, आणि झिजून ७.९३ च्या खाली गेली की इंग्रजांच्या कायद्यात ती चलनात धरत नव्हते. सोनं खोटं नाही, २२ कॅरेटच आहे, पण मी वरचे पैसे दिले ते नाण्याचे आणि नाणं तर आधीच बिघडवलेलं.

आपल्या भागात हे जास्त बघायला पाहिजे कारण आपल्याकडं नाणी तिजोरीत कमी आणि गळ्यात जास्त राहिली. पुतळ्यांची माळ, मोहरांची माळ, गिनीचं पेंडंट, त्यामुळं घरातनं बाजारात आलेल्या कितीतरी जुन्या नाण्यांना कडी नाहीतर भोक पडलेलं असतं. भोक बुजवलेलं असलं तर तिथली अक्षरं किंवा चित्राची रेघ तुटल्यासारखी दिसते, नखाला पण कधी कधी लागतं.

त्या कारागीर काकांनी अजून एक सांगितलं ते मला फार पटलं. अंगावर वापरून झिजलेलं नाणं उंच जागी झिजतं, राजाच्या भुवया, दाढी, घोड्याचा खांदा, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात जुना मळ तसाच राहतो. तो मळ चांगला, त्याला हात लावू नका. बफ मारलेल्या नाण्यात अक्षरांच्या धारापण गोल होतात आणि कोपरे साफ असतात. न घासलेलं नाणं कलतं केलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, घासलेलं असेल तर स्टीलच्या ताटासारखं सगळं एकदम चमकतं. आणि एकाच दिशेनं बारीक रेघा दिसल्या तर कुणीतरी पावडरनं घासलंय समजायचं. आपल्या घरात लक्ष्मीपूजनाला आपणच राखुंडी नाहीतर टूथपावडर लावून घासतो की, तेवढं तरी कृपा करून थांबवा. लालसर ठिपके मात्र बहुतेक वेळा मिश्रणातल्या तांब्याचे असतात, त्याला घाबरायचं कारण नाही, ते काढायला कुणी तेजाबात घालतो म्हटलं तर देऊ नका.

कडी काढलेलं नाणं घ्यायचंच नाही असं माझं म्हणणं नाही, पण त्याला सोन्याचाच भाव द्यावा. दुकानातल्या पांढऱ्या झगमगाटात काहीच कळत नाही, नाणं दारात दिवसाच्या उजेडात बघू द्या म्हणा, भिंग मागा, वजन समोर करून घ्या, यात लाजायचं काय आहे. आणि सराफ मंडळींना हात जोडून विनंती आहे, जुनं नाणं विकताना बिलावर वजनाशेजारी ‘कडी काढलेली’ किंवा ‘पॉलिश केलेलं’ एवढं लिहून द्यायला या दसऱ्यापासनं सुरुवात करा.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर