यादी कुठे होती, तेवढे सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यपालांच्या सचिवपदावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. अर्धे पान, रंगीत छायाचित्रे आणि ‘पडद्याआडचा शिल्पकार’ ही उपाधी जागोजागी. या खुर्चीत कारकीर्द गाजवायची तर मितभाषीपणा, आतिथ्य आणि निष्ठा लागते म्हणे. धन्य आहे! एखाद्या संस्थानिकाच्या कारभाऱ्याला हे वर्णन शोभले असते.

आतिथ्याचे आधी मिटवू. मलबार हिलचे बंगले, पाहुण्यांची सोय, मुदपाकखाना, पुणे-नागपूर-महाबळेश्वरच्या वास्तू हे सगळे परिवार प्रबंधकांच्या कार्यालयाचे काम. सचिवाचे काम कागदाचे. विधेयक संमत होऊन आले की राज्यघटनेच्या अनुच्छेद 200 खाली टिपणी लागते: विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा आहे का, केंद्राच्या कायद्याशी विसंगती आहे का, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावे लागेल का. शिवाय अध्यादेश, दयेचे अर्ज, आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अधिसूचना, कुलपती या नात्याने येणारी विद्यापीठांची प्रकरणे. टिपणी कक्ष अधिकाऱ्यापासून वर चढत सचिवाच्या टेबलावर येते आणि तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडला की तिथेच बसते. चर्चा कोणाशी, कधी झाली हे नस्तीवर (फायलीवर) लिहिलेच नाही, तर उशीर कोणाच्या खात्यावर मांडणार?

लेखात ‘निष्ठा’ हा शब्द फार सढळ हाताने वापरला आहे. निष्ठा नक्की कोणाशी? हा अधिकारी भारतीय प्रशासकीय सेवेचा. बसतो राज्यपालांकडे, पण त्याच्या बदलीचा आदेश निघतो सामान्य प्रशासन विभागातून. आज ज्या सरकारच्या विधेयकावर प्रतिकूल टिपणी लिहायची, उद्या त्याच सरकारच्या दारात पोस्टिंगसाठी उभे राहायचे. या पदाची खरी अडचण हीच आहे, आणि अर्ध्या पानात तिला एक ओळही मिळू नये?

आता मूळ मुद्दा. 6 नोव्हेंबर 2020 रोजी विधान परिषदेच्या राज्यपालांनी नेमायच्या बारा जागांसाठी मंत्रिमंडळाने सुचवलेल्या नावांची यादी मंत्र्यांनी स्वतः राजभवनात नेऊन दिली. तिचे पुढे काय झाले असे 2021 मध्ये माहिती अधिकारात विचारले, तर राज्यपालांच्या सचिवालयाचे उत्तर आले की यादी उपलब्ध नाही. अपील झाल्यावर कळले की ती राज्यपालांकडेच आहे! साध्या तहसील कचेरीतही आवक शिक्का, क्रमांक आणि कोणाकडे गेली याची नोंद असते. मंत्री घेऊन आलेला कागद सचिवालयात ‘उपलब्ध’ नसतो, तर तो कोणत्या नोंदवहीत चढला होता? ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाने राज्यपालांना आदेश देता येत नाही असे सांगितले, पण वाजवी मुदत उलटून गेल्याचेही नमूद केले. तरी यादी तिथेच. सप्टेंबर 2022 मध्ये नव्या सरकारने ती परत घेतली, तेव्हा कुठे प्रश्न ‘सुटला’.

2005 च्या ज्या कायद्याने अधिकाऱ्यांना एका पदावर साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ दिला, त्याच कायद्याच्या कलम 10 मध्ये कोणाही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे लिहिले आहे. दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात तो हाच. राज्यपाल शासकीय कर्मचारी नाहीत, कबूल. घटनात्मक बाबींना पळवाट मिळेल, तेही कबूल. पण सचिव कर्मचारीच आहे ना? तीन वर्षांचे कलम पाठ आणि सात दिवसांचे विसरायचे, हा मितभाषीपणा फारच सोयीचा झाला.

आणि ‘पडद्याआडचा’ कसला? अनुच्छेद 361 मुळे राज्यपालांना न्यायालयात ओढता येत नाही, म्हणून दाव्यावर नाव चढते सचिवाच्या पदाचे. विधेयके अडल्याबद्दलचा 2023 चा पंजाबचा खटला ‘राज्यपालांचे प्रधान सचिव’ यांच्याविरुद्ध होता, त्याच वर्षीचा तेलंगणाचाही राज्यपालांच्या सचिवांविरुद्ध. उत्तर द्यायला सचिव, पण टेबलावर कागद किती दिवस होता हे मात्र कोणी विचारायचे नाही!

सचिवाच्या कारकिर्दीचे उदाहरण हवेच होते, तर पी. सी. अलेक्झांडर यांचे द्यायचे. पंतप्रधानांचे प्रधान सचिव असताना हेरगिरी प्रकरणात कार्यालयातली माणसे पकडली गेली आणि जानेवारी 1985 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे 1993 ते 2002 ते आपल्याच राज्याचे राज्यपाल होते. त्यांच्याच काळात, 1994 मध्ये, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळे सुरू झाली. त्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, त्याबद्दलही लेखक मितभाषीच.

जाता जाता छायाचित्राबद्दल. गणवेशातल्या, खांद्यावर सोनेरी दोरी असलेल्या ज्या तरुण अधिकाऱ्याला आपण ‘सचिव’ म्हणून छापले आहे, ते परिसहायक (एडीसी) आहेत. सचिव गणवेश घालत नाहीत. दुरुस्ती छापावी, आणि ती छोट्या जाहिरातींच्या खाली नको.

– एक नियमित वाचक, डोंबिवली