सातशे चिरे, एक खिडकी आणि आमची एक चूक

वाडीतल्या सर्वांना आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना ग्रामस्थ मंडळाचा सप्रेम नमस्कार.

पैसे मागायचेच आहेत, पण त्याआधी एक कबुली देतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे आपल्या दापोली तालुक्यालाही त्याने सोडलं नाही. केळशी-आंजर्ले पट्ट्यात माड-पोफळी कशा आडव्या झाल्या होत्या ते तुम्ही पाहिलंय. वरच्या आळीतल्या काकींचं घर तेव्हा बसलं. एकट्या बाई. मंडळाने ते श्रमदानातून उभं केलं, वर सिमेंटचे पत्रे घातले, आत फरशी, उभ्याचा ओटा, गॅसची शेगडी. गृहप्रवेशाला आम्ही सगळे काकींना मध्ये घेऊन फोटोला उभे राहिलो. लुगडं नवं होतं, मंडळानेच दिलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबलो, तर काकी मागच्या दारी झापांच्या आडोशाला. तीन दगडांची चूल मांडलेली, शेजारी गोणपाट. दुपारभर त्या तिथेच असायच्या. आत पत्रा तापून भट्टी होते आणि गुडघ्यांमुळे उभ्याने रांधता येत नाही. एवढे दिवस बोलला का नाहीत, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही येवढा केलाव, मी काय बोलनार?"

त्या घराचा नकाशा आम्ही चौघांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून काढला होता. काकींचं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरं घर खालच्या आळीतल्या आबांचं. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. पडवीतला जुना फणसाचा खांब काढून टाकायचं ठरलं होतं, कारण तो कशाचाच भार घेत नव्हता. सुट्टीला आलेली कॉलेजची एक मुलगी चिरे वाहून दमली म्हणून आबांजवळ टेकली, आणि तिने सहज विचारलं की आबा, तुम्ही घरात फिरता कसे. आबा उठले, भिंतीला हात लावत चार पावलं गेले आणि बरोबर त्या खांबावर हात ठेवला. छातीच्या उंचीवर तेवढाच भाग गुळगुळीत, काळा झालेला. तिथून डावीकडे मोरी, उजवीकडे देवघर. खांब राहिला. मिस्त्री दोन दिवस कुरकुरत होता. मग त्यानेच खांबाचा बुंधा नव्या जोत्यात पक्का बसवून दिला.

त्या कामावर काकी रोज कळशीभर कोकम सरबत घेऊन यायच्या. सुरुवातीला आम्ही "कशाला त्रास, काकी" म्हणायचो. मिस्त्रीने एकदा आम्हाला बाजूला घेऊन झापलं: पितो म्हणा, त्यांनापण काय तरी करू द्या.

आता यंदाचं काम. गेल्या पावसात पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, टोकाच्या घराची समुद्राकडची भिंत कोसळली. घरात एक ताई आणि अंथरुणाला खिळलेली सासू. घरकुलाचे 1 लाख 20 हजार मंजूर आहेत, पण ते हप्त्याहप्त्याने येतात, आणि टेम्पो वरच्या सडकेवरच थांबतो. तिथून खाली चिरा डोक्यावरूनच न्यावा लागतो. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा आणि लागणार सुमारे सातशे, त्यामुळे मजुरीतच निम्मे पैसे जातील. म्हणून हात हवेत.

या वेळी जोतं आखायच्या आधी सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसलो. त्यांनी मागितलं एवढंच, की खाटेवरून पाखाडी दिसेल अशी खिडकी हवी. कोण आलं, कोण गेलं, कळायला. समुद्राकडचा "व्ह्यू" आम्ही सुचवला होता; त्या म्हणाल्या, तो काय, जन्मभर बघितलाय.

तर मागणं असं. ताईच्या घराला चिरे, वाळू, दारं-खिडक्यांचं लाकूड. आणि काकींचे पत्रे उतरवून मंगळुरी कौलं, त्यासाठी वासे-रिपा, आणि माजघराच्या कोपऱ्यात धूर बाहेर जाईल अशी बैठी चूल. हा दुसरा खर्च आमच्या चुकीचा आहे, तरी तुमच्याकडेच मागतोय. ज्याला तो पटत नाही त्याने फक्त ताईच्या घरासाठी द्यावं, रागावणार नाही. कुणाच्या जुन्या घराची कौलं उतरवून ठेवलेली असतील तर तीही चालतील, फुटकी आम्ही निवडून काढू. रक्कम खजिनदारांकडे द्या, पावती घ्या; हिशोब शिमग्याच्या हिशोबासारखाच देवळाच्या फळ्यावर लागेल. भिंतीवर देणगीदारांची पाटी लागणार नाही. घर ताईंचं आहे.

काम अक्षय्य तृतीयेला सुरू करून मृगाच्या आत कौलं चढवायची आहेत. चिरे मात्र लगेच घ्यायचेत, कारण खाणीतून निघालेला ओला चिरा हवेवर राहिला की कडक होतो. त्यामुळे पैसे देणाऱ्यांनी मे महिन्याची वाट बघू नये.

येणाऱ्यांची राहायची सोय देवळाच्या सभामंडपात, जेवण आळीपाळीने घराघरांतून. घरातल्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत. सरबत आलं तर नको म्हणायचं नाही. आणि चुंबळ करायला जुना टॉवेल प्रत्येकाने आपापला आणावा, गेल्या वेळी पुरले नव्हते.