बाळाचं नाव आणि हस्ताचं तिसरं चरण

नाशिक, ऋषिपंचमी

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. फोनवर नावाचा विषय निघाला की सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच नीट ऐकून होत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो आहे. दोघांनी सावकाश वाचा.

आधी आईच्या मनातलं. बाळ हरतालिकेच्या दुपारी झालं. इथल्या गुरुजींनी दाते पंचांगावरून हस्त नक्षत्राचं तिसरं चरण काढलं. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या प्रत्येक चरणाला नावाचं पहिलं अक्षर देणाऱ्या कोष्टकात, हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे आपल्या वाट्याला आला ‘ण’, आणि ण वरून हाक मारण्याजोगं नाव आपल्याकडे नाही. आई, तू म्हणालीस की ण च्या जागी न धरू आणि नचिकेत ठेवू. पण त्याच अवकहडा चक्रात ना, नी, नू, ने ही अक्षरं अनुराधेची आहेत, आणि अनुराधा वृश्चिकेत येते. रास जपण्यासाठी अक्षर शोधायचं आणि त्याच अक्षरानं बाळाला कन्येतून उचलून वृश्चिकेत ठेवायचं, हे तुझ्याच हिशेबात बसत नाही. कन्या राशीची अक्षरं टो, पा, पी, पू, ष, ण, ठ, पे, पो अशी आहेत. त्यातला प घेतला की रास जागेवर राहते. आर्द्रेच्या ‘ङ’ला आणि उत्तराभाद्रपदेच्या ‘ञ’लाही नाव सापडत नाही, तिथेही राशीतलं दुसरं अक्षर घेऊन वाट काढतात.

जन्मवेळेची काळजी करू नकोस. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे एका चरणाला सहा तासांच्या आसपास. दवाखान्यातलं घड्याळ पाच-दहा मिनिटं मागे-पुढे असलं तरी चरणाच्या अगदी काठावर जन्म नसेल तर अक्षर बदलत नाही. फरक पडतो तो पंचांगाचा. बाबा, आपल्याकडे टिळक पंचांग आहे. त्याचा अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा ते ठरवणारा अंशांचा फरक, वेगळा असल्यामुळे त्यात चंद्र सुमारे चार अंश पुढे दिसतो. मकरसंक्रांत त्यात १० जानेवारीला येते ती याच कारणानं. एक चरण ३ अंश २० कलांचं. म्हणजे तुम्ही घरी पाहाल तर निदान एक चरण पुढचं निघेल, ‘ठ’ किंवा थेट चित्रेचा ‘पे’. दोन्ही पंचांगं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एका बाळासाठी दोन्ही चालवता येणार नाहीत. कुठलं धरायचं ते तुम्ही ठरवा, आम्हाला दोन्ही मान्य आहेत.

आता मला मुख्य सांगायचं आहे ते हे, की आपण चौघं एकाच नावासाठी ओढाताण करतो आहोत, आणि शास्त्रानं मुळात चार नावं सांगितली आहेत. देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं ही चारही लिहितात. आपलं कुलदैवत व्याडेश्वर, म्हणून देवतानाम ‘व्याडेश्वरभक्त’. भाद्रपदाचं मासनाम ‘हरी’. नाक्षत्रनाम गुरुजी अक्षरावरून बांधून देतील. ते तांदळात लिहायचं आणि कानात सांगायचं, त्यानं चारचौघांत कुणी हाक मारत नाही. त्यामुळे तिथे ण असला तरी काहीच अडत नाही. आई, तुझं राशीचं नाव जसंच्या तसं तिथे राहील. ते कुणी गाळणार नाही, हा माझा शब्द.

बाबा, तुम्हाला आजोबांचं नाव हवं आहे. दत्तात्रय हे नाव आम्हा दोघांनाही प्रिय आहे आणि ते बाळाच्या कानात पहिल्याच दिवशी पडावं असं मुग्धाच म्हणाली. ताई आत्या म्हणून कुर्रर्र करेल तेव्हा चार नावांच्या जोडीला ‘दत्तात्रय’ म्हणेल. मात्र दाखल्यावर दोन नावं एकापुढे एक लिहायची तुमची सूचना अडचणीची आहे. आपल्याकडे दुसरा शब्द बापाचं नाव म्हणूनच वाचला जातो. शाळेच्या रजिस्टरात, बँकेत, सगळीकडे दत्तात्रय हा बाळाचा बाप होईल आणि मी आडनावाकडे सरकेन. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आहे. चार शब्द आधीच झाले. पाचव्याला फॉर्मात जागा नाही.

याच चार शब्दांमुळे मला मुग्धाचं म्हणणं पटायला लागलं आहे. तिला दोन-तीन अक्षरी नाव हवं. माझं मन ‘हृषीकेश’वर आहे, आणि त्याला कारणही आहे: मासनामांहून वेगळी, विष्णूच्या नावांची एक मोजणी आहे, केशव मार्गशीर्षाचा, नारायण पौषाचा, तिच्यात भाद्रपदाचा स्वामी हृषीकेशच येतो. हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश. इतका चांगला अर्थ सोडवत नाही. पण हे नाव लिहिताना हमखास चुकतं. ह ला ऋकार हवा, तिथे लोक ‘ह्र’ लिहितात. ‘षी’ दीर्घ, ती ऱ्हस्व होते. आणि निम्म्या ठिकाणी तर सरळ ‘ऋषिकेश’ होतं, जे वेगळंच नाव आहे. इंग्रजीत कुणी एच पासून सुरू करतो, कुणी आर पासून. एका कागदावर एच आणि दुसऱ्यावर आर असला की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. ‘यज्ञेश’चंही तेच: आपण ज्ञ चा उच्चार द्न्य करतो, उत्तरेत ग्य, आणि स्पेलिंगही दोन तऱ्हांचं होतं.

मुग्धाची जी नावं मी नाकारली ती तिच्यावर रुसून नव्हे. मोबाइलवरच्या याद्यांत ‘रेयांश’सारखी नावं असतात आणि समोर ‘विष्णूचा अंश’ असा अर्थ छापलेला असतो. ‘अंश’ कळतो, पण ‘रेय’ म्हणजे विष्णू हे कोशात सापडत नाही. संस्कृत नावासाठी आपट्यांचा कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थ उघडावा. धातू किंवा शब्द तिथे नसेल तर यादीतला अर्थ खरा धरू नये. तिलाही हे पटलं.

आम्ही दोघांनी एकमेकांना न दाखवता दहा-दहा नावं लिहिली. मग प्रत्येकानं दुसऱ्याची तीन नावं खोडायची आणि कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की भांडण नावावरून माणसांवर जातं. उरलेली मोठ्यानं म्हणून पाहिली: स्वयंपाकघरातून गॅलरीत हाक मारून, आडनावासकट, आणि शाळेत पोरं शेवटी ‘या’ लावतात तसंही. पुष्करचं पुष्क्या, पार्थचं पार्थ्या, प्रणवचं प्रण्या. ऐकून चीड येत नसेल तर नाव टिकेल. आता तीन उरली आहेत, पार्थ, पुष्कर आणि प्रणव. तिन्ही प वरून, म्हणजे आईच्या राशीत बसणारी. माझा कल प्रणवकडे झुकतो आहे, त्याच्या मधोमध आपला अडलेला ण आहे. मुग्धाचा पार्थकडे. मुलाच्या नावात समसंख्य अक्षरं असावीत असं गृह्यसूत्रात आहे आणि त्या हिशेबानं पार्थ बसतं, प्रणव नाही. पण गणेश, केशव, माधव ही तीन अक्षरी नावं पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत, तेव्हा त्यावर अडून बसू नये.

कागदाचं घाईचं काही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, ती दवाखानाच कळवतो, आणि ती नावाशिवाय होते. १९६९ च्या कायद्यात तशी सोय आहे. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून दवाखान्याच्या फॉर्मवर नावाची जागा मी मुद्दाम कोरी ठेवायला सांगितली आहे. घाईत कुणीतरी एखादं नाव सांगून टाकतं आणि तेच चढतं. मग लेखनातली चूक पुरावा देऊन दुरुस्त होते, पण आवडलं नाही म्हणून नाव सहसा बदलून देत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. नाव ठरलं की मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून तो कागदच कारकुनाच्या हातात द्यायचा, तोंडी सांगायचं नाही, आणि दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच एकेक अक्षर ताडून पाहायचं.

बाबा, तुमची धास्ती पितृपक्षाची आहे. बारावा दिवस अनंत चतुर्दशीला येतो. तो चुकला तर नवरात्रापर्यंत थांबावं लागेल, म्हणून बारसं त्याच दिवशी करू. तोपर्यंत दोघांचं एकमत झालं नाही तर त्या दिवशी तांदळात तीन नावं लिहू, ताई ती आणि ‘दत्तात्रय’ कानात सांगेल, आणि व्यावहारिक नाव सावकाश ठरवू. तोवर घरात ‘हरी’ म्हणू. विसर्जनाच्या दिवशी दुपारनंतर नाशिकचे रस्ते बंद होतात, तेव्हा तुम्ही चिपळूणहून आदल्या दिवशीच पोचा.

दोन कामं तुमच्याकडे. बाबा, वंशावळीत पार्थ, पुष्कर, प्रणव यांपैकी कुणी होऊन गेलं असेल तर कळवा. आई, ही तीन नावं काकूंना किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर सांगू नकोस. आणखी पंधरा जणांची मतं आली तर आम्ही पुन्हा पहिल्या पानावर जाऊ. तुझं मत मात्र हवं आहे, आणि ते मुग्धाला फोन करून तिलाच सांग. तिला बरं वाटेल.

येताना आजोबांची अंगठी आणा, तांदळात लिहायला तीच घेऊ. घुगऱ्यांचे हरभरे इथे भिजत घालतो.

तुमचा,
मंदार