चि. ईरास, प्रॉमच्या आधी

इचलकरंजी,
गुरुवार, रात्री उशिरा

चि. ईरास,
अनेक आशीर्वाद.

काल तू ड्रेस घालून फोनसमोर उभी राहिलीस, गोल फिरून दाखवलंस, आणि मी विचारलं, ‘रात्री घरी कोण सोडणार?’ तू फोन आईच्या हातात दिलास आणि आत निघून गेलीस. नंतर आईने मला चांगलंच सुनावलं. पोरीने एवढा शोधून आणलेला ड्रेस, आणि त्याबद्दल बापाच्या तोंडून चकार शब्द नाही. म्हणून हे पत्र. कागदावर लिहितोय, सकाळी फोटो काढून पाठवेन. रविवारच्या मराठी शाळेच्या जोरावर बरंचसं वाचशील, अडेल तिथे आईला विचार. घरी सोडण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

आधी आजीचं. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. आज वॉकर धरून दारापर्यंत गेली आणि परत आली. पण रात्री उठायला माणूस लागतो, मंजूआत्या एकटी किती करणार? तेव्हा प्रॉमला, तुमच्या शाळेच्या त्या नाचाच्या रात्री, मी तिथे न्यू जर्सीत नसणार हे आता नक्की. इथे वळीव लागलाय. लाइट गेली की गावातले माग एकदम थांबतात आणि त्या शांततेने आजीला जाग येते. ‘माग का बंद?’ म्हणून विचारते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासूनची ही खडखड. तिला अंगाई तीच.

आता ड्रेस. रंग बघून मी गप्प झालो, तो आवडला म्हणून. तू आधी पाठवलेले तिन्ही फोटो माझ्याकडे आहेत. माणकासारखा लाल, नीलमसारखा निळा आणि हा पाचूचा हिरवा. तिन्ही रंग भरीव, कशातच पांढरा मिसळलेला नाही. पण लाल तुझ्या आधी खोलीत शिरला असता. निळा छान होता, तरी त्यावर चांदी किंवा मोती घालावे लागले असते, आणि सोनं तुला जास्त शोभतं. हिरवा तू निवडलास ते योग्य केलंस. दुकानाने तुमच्या शाळेच्या नावावर तो नोंदवून ठेवला, म्हणजे तुमच्या प्रॉममध्ये तसाच दुसरा ड्रेस ते विकणार नाहीत, हे आईने सांगितलं तेव्हा बरं वाटलं.

कापडाबद्दल मात्र मला बोलू दे. इथल्या डीकेटीई टेक्स्टाइल कॉलेजात शिकलो, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये राबलो. पुढे कॉम्प्युटरवर पोट भरलं तरी बोटं विसरत नाहीत. तुझा ड्रेस पॉलिस्टर सॅटिनचा आहे. साध्या विणीत धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून जातो. सॅटिनमध्ये ताण्याचा, म्हणजे उभा, धागा चार नाहीतर सात बाण्यांवरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून, सरळ जातो आणि मग एकाखाली दबतो. धागे असे मोकळे पडलेले असतात म्हणून उजेड त्यांच्यावरून परततो, आणि जिथे घडी पडते तिथे तोच हिरवा जवळजवळ काळा होतो. तुझ्या ड्रेसची सगळी श्रीमंती त्या घड्यांमध्ये आहे. पण मोकळा धागा अडकतोही लवकर. खड्यांचं ब्रेसलेट, अंगठीची उभी नखं, क्लचची साखळी, सगळ्यांत तो ओढला जातो आणि एकदा ओढला की मागे जात नाही. म्हणून हातात काही घालू नकोस. तुझ्याबरोबर येणारा इथन आणेल तो फुलांचा कॉर्साज मनगटावर पुरे, आणि तोही तारेचा नको, इलॅस्टिकचा सांग.

इस्त्री थेट लावायची नाही. हे कापड १३० अंशांच्या आसपास दाबाखाली रंगवलेलं असतं, पाण्याने रंग जाणार नाही. पण तापलेली इस्त्री टेकली तर तिथे चकाकणारा डाग उठतो, तो कायमचा. आतल्या बाजूने, सुती कापड मध्ये ठेवून, कमी आचेवर. नाहीतर स्टीमरची वाफ, तीही लांबून. आदल्या रात्रीच टांगून ठेव.

उंची कमी करायला ओक ट्री रोडवर टेलरकडे जाशील तेव्हा पायात घालायचे तेच हील्स घेऊन जा. चपलेवर माप दिलंस तर त्या रात्री घोटे उघडे पडतील. समोरून उंची अशी ठेवायला सांग की बुटाचं टोक झाकेल पण पाय अडकणार नाही. बसूनही बघ, नुसती आरशासमोर उभी राहू नकोस; मागच्या नाड्या आवळल्यावर जेवता येतंय का, हात वर करून नाचता येतंय का, ते तिथेच कळतं. आणि कापलेली पट्टी त्यांच्याकडून मागून घे, टाकायला देऊ नकोस. ती इथनला द्यायची. त्याला तुझ्या रंगाचा टाय हवाय ना? दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन हिरवे बाहेर उन्हात वेगळे पडतात, कारण कापड वेगळं, त्यातले रंगही वेगळे. तुझे आजोबा रंगवलेल्या कापडाची शेड पास करायचे तेव्हा तुकडा घेऊन कारखान्याबाहेर जायचे, उत्तरेकडे तोंड करून उभे राहायचे आणि मगच मान हलवायचे. पुढे दिव्यांची पेटी आली, दिवसाचा उजेड बटणावर मिळायला लागला, तरी ते बाहेर जातच राहिले. इथनला म्हणावं, पट्टी आणि टाय घेऊन दारात ये. नाहीच जुळला तर काळा टाय बांध आणि खिशातला रुमाल तेवढा हिरवा ठेव. तुमचे फोटो संध्याकाळच्या उन्हात बागेत निघणार, तिथे जवळपास जुळलेलं हे अजिबात न जुळलेल्यापेक्षा वाईट दिसतं.

हील्सवरून आठवलं. ते घालून गाडी चालवायची नाही. तू चालवणार नाहीस हे मला माहीत आहे, पण मैत्रिणींपैकी कुणी चालवणार असेल तर तिलाही सांग. आणि न्यू जर्सीत तुमच्या प्रोबेशनरी, म्हणजे नवशिक्यांच्या, लायसन्सवर रात्री ११ वाजून १ मिनिटापासून पहाटे ५ पर्यंत गाडी चालवता येत नाही, आईबाप सोबत नसतील तर बरोबर एकच माणूस बसवता येतो. नंबरप्लेटवर तो लाल स्टिकर उगीच नाही लावलेला. प्रॉम संपणार ११ ला. मग तुम्ही पाच जणी कुणाच्या गाडीत बसणार, हा साधा हिशोब आहे. कुणी म्हणेल पाच मिनिटांचंच अंतर आहे. पाच मिनिटांच्या अंतरावरच होतं सगळं

हे लिहायचं नव्हतं. वाक्य अर्धंच ठेवतो. माफ कर बाळा, परत तिथेच आलो.

काल तू वळलीस तेव्हा मला काय दिसलं ते सांगतो. तुला तो हिरवा परकर-पोलका आठवतो का? आजीने तिच्या जुन्या इरकलीचा शिवून पाठवला होता, लाल काठांचा. एडिसनच्या गणपतीत तू तो घातलास आणि घरी आल्यावर काढू दिला नाहीस. तसाच घालून झोपलीस. सकाळी गालावर काठाची नक्षी उमटली होती, आणि ती आरशात बघून तू खूश, पुसू नका म्हणालीस. प्रीस्कूललाही तोच घालून जायचं होतं. आईने वर जाड स्वेटर चढवून पाठवलं, दिवसभर परकर सावरत फिरलीस म्हणे. तुझ्या टीचरने फोटो पाठवला होता, वाळूत बसलेली, सगळा घेर भोवती पसरलेला.

आणि आत्या. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मंजूआत्या सावळी, म्हणून आमच्या घरात तिला गडद कापड कधी घेतलं नाही. ‘सावळ्या पोरीला फिकं घालावं, उजळ दिसते’, हे येणारीजाणारी प्रत्येक बाई म्हणायची. घरात कापडाचा धंदा, शेडकार्डांची चळत, आणि तिला दरवर्षी दिवाळीला मोतिया, नाहीतर फिकी अबोली. लग्नातही तेच. मी धाकटा, मला काय कळणार. पण ती माझ्या वहीला कव्हर घालायला बाटली हिरव्या पॉपलीनचे तुकडे मागून आणायची आणि आधी गालाला लावून बघायची, ते मला आठवतं. पुढे रंगाचं काम शिकलो तेव्हा कळलं की त्या बायकांचं म्हणणं उलटं होतं. आपल्या कातडीत पिवळा असतो, लाल असतो, तांब्याची झाक असते. फिका रंग शेजारी आला की ती सगळी मरते आणि चेहरा मातकट दिसतो. भरीव रंग शेजारी आला की ती वर येते. काल तुझे खांदे त्या हिरव्यावर बघितले आणि मी आत्याला हाक मारली. तू आत निघून गेल्यावर ती आली. स्क्रीनशॉट दाखवला. ती काही बोलली नाही, फोन घेऊन आजीच्या खोलीत गेली.

आजीने चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘गळा मोकळाच हाय की पोरीचा.’ मग तांदळाच्या डब्यातली किल्ली काढायला लावली. ठुशी येतेय तुला. आदित्यदादा रविवारी नेवार्कला उतरतोय, त्याच्या हातून. तुझा गळा आडवा उघडा आहे, खांद्याखालून, त्यावर लांब काही लोंबलं तर रेघ मोडते. ठुशीच हवी. मागच्या दोरीचा सरकता गोंडा असतो, तो ओढून मानेच्या बुडाशी बसव. हाडावर उतरू देऊ नकोस. मणी एकमेकांना घट्ट लागलेले दिसले पाहिजेत. दोरी मी आज सोनाराकडून नवी घालून घेतली, लाल नको म्हटलं, काळी घातली. कानात लहान मोत्याची कुडी, बस. केस वर घे, म्हणजे पाठीच्या नाड्या आणि गोंडा दिसेल. बूट आणि क्लच सोनेरी चालतील, पण ठुशीसारखाच मंद सोनेरी बघ, चमचमता नको. मेकअपचं आईला विचार, मला इतकंच कळतं की एवढ्या रंगावर ओठ किंवा डोळे यातलं एकच गडद असावं. परफ्यूम, डिओडरंट आधी लाव, सुकू दे, मग ड्रेस घाल; सॅटिनवर पांढरे ओघळ उठतात.

लिमोत, त्या लांबलचक भाड्याच्या गाडीत, बसताना मागचा घेर दोन्ही हातांनी उचलून सीटवर पसरून बस, नाहीतर उतरताना पाठीमागे चुण्या. लिमो कुणाच्या आईने बुक केलीय? ती रात्री परत आणणार आहे की नुसती सोडणार आहे? हे मी ड्रेससाठी विचारत नाहीये, तुला कळतंयच.

ठीक आहे, मग बोलूनच टाकतो. दुसऱ्या दिवशी सगळे सीसाइड हाइट्सला जाणार, हे तू मला नाही, आईला सांगितलंस. तिथल्या समुद्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. रात्रभर जागलेली मुलं पहाटे पार्कवेवर गाडी काढतात, म्हणणं त्याबद्दल आहे. वसंताकाकाचं तुला अर्धंच माहीत आहे. गॅदरिंग संपवून तिघं एका मोटरसायकलवर कोल्हापूरहून निघाले होते. चालवणारा प्यायलेला नव्हता, त्याला झोप आली होती. मी मागच्या बसने आलो, कारण मला जागा नव्हती. वसंताची आई अजून समोरच्या गल्लीत राहते. आज संध्याकाळी आजीला बघायला आली आणि तुझा फोटो बघून म्हणाली, ‘केवढी झाली गं.’ मी उठून गॅलरीत गेलो.

तुला बांधून ठेवायचं नाही मला. तू नाच, उशिरापर्यंत जाग, इथनबरोबर फोटो काढ. फोनवर तो मला ‘नमस्कार काका’ म्हणाला तेव्हाच आवडलाय. सीसाइडलाही जा, पण झोपून उठून, दुपारी, आणि चालवणारा मोठा माणूस असू दे. रात्री काहीही बिनसलं, कुणी गाडीची किल्ली हातात घेऊन भलतंच बोलायला लागलं, तर आईला फोन कर. किती वाजलेत हे बघू नकोस. आई काही विचारणार नाही, मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय, आणि मीही विचारणार नाही. तुमचे रात्रीचे ११ म्हणजे इथे सकाळचे साडेआठ. मी जागाच असेन, फोन हातात घेऊन आजीला चहा देत असेन.

ड्रेस फार सुंदर आहे. तू त्यात फार सुंदर दिसतेस. हे काल पहिल्यांदा बोलायला हवं होतं.

तुझा,
बाबा

ता. क. टेलरकडे शनिवारीच जा, पुढच्या आठवड्यात सगळ्या शाळांच्या मुली रांगेत असतील. आणि लिमोच्या ड्रायव्हरचा नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेव.