टोमॅटोच्या पिकअपवाल्या दादांचे आणि सिस्टरचे आभार
कांदा काढणी चालू होती, बारक्यानं बांधावरचा दगड उचलला आणि लाल विंचू चावला, पोरगं घामानं चिंब नि वर उलट्या, ह्यांनी गाडी मार्केटला नेलेली. टोमॅटोच्या पिकअपला हात केला तर दादांनी लगेच गाडी वळवली, थेट सरकारी दवाखान्यात. मोठी रडत होती तर तिला पुढं बसवून हॉर्न वाजवू दिला (पोरगी रडायची थांबली, रस्त्यावरची गुरं मात्र बिथरली), तिथं बिस्कीटपुडा आणून दिला आणि हे येईपर्यंत जागचे हलले नाहीत. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून विंचू चावल्यावर देतात ते प्राझोसिन औषध दिलं, रात्रभर नाडी बघत राहिल्या. भाड्याचं काढलं तर दादा म्हणे, "ताई, आधी पोराकडं बघा." उशिरामुळं भाव काय मिळाला देव जाणे. दोघांचे मनापासून आभार, बारका आता कोंबड्यांमागं पळतोय.